माळवद वाकलंय, माती गळतेय: धिरा देण्याआधी काय तपासायचं

पहिला मोठा पाऊस पडून गेला की औसा, निलंगा, लोहारा या भागातून एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. “माळवदातून माती गळायलीय.” “तुळई वाकलीय, रात्री लाकूड कुरकुर करायलंय.” माझी नोकरीची वर्षं चंद्रपूरकडच्या भुयारी कोळसा खाणीत छताला आधार देण्यात गेली. गावी परतल्यावर तेच काम जुन्या घरांत करतोय. माळवद म्हणजे लाकडाच्या सांगाड्यावर माती दाबून केलेलं सपाट छत, तुळई म्हणजे ते तोलणारं मुख्य आडवं लाकूड आणि धिरा म्हणजे तिला खालून द्यायचा उभा टेकू. खाणीचं छत दगडाचं आणि माळवद लाकूड-मातीचं, पण वर ओझं, खाली आधार आणि मधे माणसं, हा हिशेब दोन्हीकडे एकच.

बहुतेक घरांत मला एकच दुखणं सापडतं. गळती थांबावी म्हणून दर उन्हाळ्यात वर नवी पांढरी माती टाकली जाते, पण जुनी कुणी काढत नाही. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, आता मुलगा टाकतोय. लाकूड मात्र आजोबांच्याच काळातलं आहे. गळती आणि वाक ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि पहिल्यावरचा हा उपाय दुसरं दुखणं वाढवतो, एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

लक्षणं

किलचांच्या, म्हणजे तुळयांवर अंथरलेल्या लाकडी पट्ट्यांच्या, फटीतून कोरडी, पिठासारखी माती एका रेषेत पडते. पावसात त्याच जागेवरून ओल्या चिखलाचे गोळे सुटतात. तुळई मधोमध खाली आलेली डोळ्याला दिसते. खोलीचं दार वरच्या बाजूला घासू लागतं किंवा कडी बसेनाशी होते. खांबाच्या बुडाशी जमिनीला तडे जातात. भिंतीला पोट येतं.

आणखी एक खूण आहे, ती लोकांच्या लक्षात येत नाही. जुन्या घरातलं लाकूड चुलीच्या धुरानं काळं झालेलं असतं. तुळई भिंतीत शिरते तिथे काळ्या लाकडाला लागून बोट-दोन बोटं उजळ, स्वच्छ लाकडाचा पट्टा दिसला, तर तेवढी तुळई भिंतीतून बाहेर सरकली आहे असं समजा. एक तर तुळई ओढली गेली, नाही तर भिंत बाहेर गेली. दोन्ही वाईटच.

खालीलपैकी काहीही घडत असेल तर तपासणीच्या भानगडीत पडू नका: लाकूड मोडल्यासारखा कडकड आवाज, मातीची धार थांबायच्या ऐवजी वाढणं, खांब तिरपा होणं, काल लागणारं दार आज अचानक अडकणं, भिंतीतून दगड निखळणं. म्हातारी माणसं आणि लेकरं आधी बाहेर काढा, गुरं सोडा, सामान राहू द्या. खाणीत छत आवाज करू लागलं की आधी सगळी माणसं मागे घेतात, कारणं नंतर शोधतात. लाकूड मोडण्याआधी बहुतेक वेळा कुरकुरतं. पूर्वीचे खाणकामगार लोखंडापेक्षा लाकडी खुंट्यावर, म्हणजे छताखालच्या उभ्या टेकूवर, जास्त भरवसा ठेवायचे तो याच आवाजासाठी. पण ओलीनं कुजलेलं लाकूड तेवढाही इशारा देत नाही, म्हणून आवाज आला नाही म्हणजे धोका नाही असं धरू नका.

हे काही नसेल, तर खालच्या क्रमानं चला. पहिल्या दोन तपासण्यांना फारसा पैसा लागत नाही.

आधी खालून पाहा

संध्याकाळी खोलीत पांढरं धोतर किंवा चादर अंथरा आणि रात्री त्या खोलीत कुणी झोपू नका. सकाळी माती कुठे आणि किती पडली ते पाहा, मग त्याच जागी वर बॅटरी मारा.

पावसातच पडत असेल आणि ओली असेल, तर पाण्यानं वाट काढली आहे. कोरड्या दिवसांतही पडत असेल तर दोन शक्यता: उंदरांनी किंवा वाळवीनं पोखरलंय, नाही तर लाकूड हलतंय आणि किलचा एकमेकींपासून सुटताहेत. माती विखरून पडणं तितकं काळजीचं नाही. तुळईच्या बाजूनं सरळ रेषेत पडत असेल तर तुळईवरच संशय घ्या.

वाक वाढतोय का, ते मोजा

जुन्या तुळईला थोडा वाक असतोच. वर्षानुवर्षं ओझं वाहून साग किंवा बाभूळ हळूहळू झुकतं आणि तसंच राहतं. त्यामुळे वाक किती आहे यापेक्षा तो वाढतोय का, हा प्रश्न महत्त्वाचा. खाणीत छत आणि जमीन यांमधलं अंतर नेमून दिलेल्या जागी नियमित मोजतात, कारण छत खाली येतंय हे डोळ्याला कळण्याआधी आकड्याला कळतं.

घरात हे असं करा. तुळईच्या मधोमध खाली जमिनीवर एक पक्की फरशी बसवा. त्या फरशीवर सरळ बांबू किंवा कामटी उभी करून ती अशी कापा, की वरच्या टोकात आणि तुळईत बोटभर फट राहील. फट पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोजा आणि तारखेसह भिंतीवर लिहा. रोज एकाच वेळी, त्याच फरशीवरून मोजा. भिंतीच्या तड्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा बोटभर रुंद पट्टा आडवा लावून त्यावरही तारीख टाका. भिंत पुढे सरकली तर तो पट्टा चिरतो.

आठ-दहा दिवस काहीच फरक नसेल तर तुमच्याकडे विचार करायला वेळ आहे. मोठ्या पावसानंतर एक-दोन मिलिमीटर वाढून थांबलं, तर भिजलेल्या मातीचं वजन बोलतंय. रोज थोडं थोडं वाढतच असेल तर खोली रिकामी करा आणि थेट जाणकाराला बोलवा, पुढच्या तपासण्या स्वतः करू नका. हिंगोली परिसरात २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. असा धक्का तुमच्याकडे जाणवला तर लगेच मोजा, मग काहीही दिसत नसलं तरी.

वर चढून पाहा: पाणी आणि वजन

इथे मला जास्त बोलायचंय, कारण खरं दुखणं इथेच असतं.

पाऊस चालू असताना किंवा माती ओली असताना वर जाऊ नका. शिडी भिंतीला लावा, भिंतीच्या डोक्यावरून चाला, खोलीच्या मधोमध पाय टाकू नका. आधी पन्हाळ, म्हणजे छताचं पाणी बाहेर टाकणारी नळी, पाहा. पालापाचोळ्यानं किंवा चिमण्यांच्या काड्यांनी ती तुंबली असेल तर सगळं पाणी माळवदातच मुरतं. गवत, उंबराचं-पिंपळाचं रोप, मुंग्यांची वारुळं, उंदरांची बिळं पाहा. प्रत्येक मूळ आणि प्रत्येक बीळ म्हणजे पाण्याला आत जायची नळी. मधे खळगा झाला असेल तर खालची तुळई तिथेच वाकली असणार. गळणाऱ्या अर्ध्याअधिक घरांत नुसती पन्हाळ मोकळी करून, गवत मुळासकट काढून आणि बिळं चिखलानं दाबून बंद केल्यावर गळती थांबते. एका दिवसाचं काम आहे आणि खर्च काहीच नाही.

आता वजन. एक पातळ सळई मातीत हळूच दाबत न्या, लाकडाला टेकली की किती आत गेली ते मोजा. दोन-तीन ठिकाणी मोजा. सुक्या, धुमसून दाबलेल्या मातीचं वजन घनमीटरला साधारण १६०० किलो धरा, भिजल्यावर ते १९०० च्या आसपास जातं. दहा बाय दहा फुटांची खोली म्हणजे ९.३ चौरस मीटर. त्यावर दोन फूट माती असेल तर कोरडी असतानाच जवळजवळ ९ टन होते. पावसात तीच साडेदहा टनांच्या पुढे जाते. तेवढ्याच खोलीवरचा पाच इंची सिमेंटचा स्लॅब तीन टनांच्या आत असतो. लोकांना वाटतं माती हलकी आणि स्लॅब जड. दोन फुटी माळवद स्लॅबच्या तिप्पट जड असतं, आणि ते वाहणाऱ्या लाकडात ना सळई, ना सिमेंट.

हे वजन काय करतं ते आपल्या भागाला वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला, तेव्हा गणपती विसर्जनानंतर माणसं घरात गाढ झोपली होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती फुटल्या, जड माळवदं खाली आली आणि हजारो माणसं त्याखाली गेली. त्यातून वाचलेल्या जुन्या घरांच्या मजबुतीसाठी अभियंत्यांनी जे उपाय सांगितले, त्यांत एक अगदी साधा होता: माळवदावरची माती कमी करा, पाणी अडवायला प्लास्टिकचा कागद वापरा. तीस वर्षं उलटून गेली. ती गोष्ट अजून गावोगाव सांगावी लागते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून सळई फूटभराहून जास्त आत गेली, तर या वर्षी वर एक टोपलीही माती टाकू नका. पावसाळा तोंडावर असेल तर जाड ताडपत्री अंथरा, कडेनं ती भिंतीबाहेर लोंबू द्या म्हणजे पाणी भिंतीत उतरणार नाही. ताडपत्री दाबायला दगड ठेवायचे ते भिंतीच्या डोक्यावरच.

लाकूड ठोकून पाहा

खाणीत छत तपासायची जुनी रीत आहे. आधार दिलेल्या जागेखाली उभं राहून पुढच्या छताला लांब दांडीनं ठोकायचं. घट्ट दगड खणखणीत वाजतो, वरच्या थरापासून सुटलेला दगड पोकळ बोलतो. लाकडाचंही तसंच आहे. छोट्या हातोडीनं तुळईच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलके ठोके देत जा. तुळईच्या खाली नको, बाजूला उभे राहा, पाठीमागे दार मोकळं असू द्या आणि दारात दुसरं माणूस उभं ठेवा.

आवाज बदलला तिथे पेचकसाचं टोक दाबा. चांगल्या लाकडात ते जेमतेम टोचतं. कुजलेल्या किंवा वाळवीनं खाल्लेल्या लाकडात सहज आत जातं. सगळ्यांत जास्त वेळ तुळईच्या दोन्ही तोंडांपाशी घालवा. मधलं लाकूड हवेत असतं, सुकतं. तोंडं ओल्या भिंतीत गाडलेली असतात आणि तिथेच आधी कुजतात. मधे ठणठणीत सागवान आणि तोंडाशी भुसा, अशा तुळया मी कितीतरी पाहिल्यात. वरून त्यांना ऑइलपेंटही मारलेला असतो.

मग खांबाचं बूड पाहा. खांब तळखड्यावर, म्हणजे बुडाखालच्या दगडावर, उभा आहे की शेणामातीच्या जमिनीत गाडला गेलाय? दरवर्षी जमीन सारवून, मुरूम टाकून पातळी वाढते आणि तळखडा पुरला जातो. बुडाभोवतीची माती वीतभर खरवडून लाकूड टोचून पाहा. वाळवीच्या मातीच्या नळ्या इथूनच वर चढतात.

भिंत

ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, वरून खाली सोडून भिंत सरळ उभी आहे का ते पाहा. आपल्याकडची दोन-अडीच फुटी भिंत म्हणजे खरं तर आतली एक आणि बाहेरची एक अशा दोन पातळ भिंती, मधे दगड-मातीचा भराव. दोन्हींना आरपार जोडणारा दगड नसला की भरावात पाणी मुरतं आणि बाहेरची बाजू सुटून फुगते. हातानं थोपटून पोकळ आवाज येतो का पाहा. तुळई थेट अशा भिंतीवर टेकलेली असेल तर माळवदाचं दुखणं माळवदात नाही. तिथे धिरा तात्पुरता जीव वाचवेल, पण घर वाचवायला भिंतीचं काम करावं लागेल, आणि ते घरच्या घरी करायचं काम नाही.

धिरा कसा द्यायचा

इथपर्यंत तुळईत दोष सापडला, पण वाक वाढत नाही, भिंत ओळंब्यात आहे, खोली एकमजली आहे. अशा वेळी अनुभवी सुतार किंवा सेंट्रिंगवाल्याला सोबत घेऊन तात्पुरता आधार देता येतो.

सगळ्यांत आधी जमीन. जुन्या वाड्यांत, मोठ्या घरांत जमिनीखाली धान्याचं पेव, म्हणजे धान्य साठवायचा खड्डा, असायचं. कित्येक पेवं वरून नुसती झाकून सारवलेली आहेत आणि आताच्या पिढीला जागा ठाऊक नाही. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, जमीन पहारीनं ठोकून पाहा. पेवावर उभा केलेला धिरा ओझं आलं की खाली जाईल, तोही सगळा भार त्याच्यावर आल्यावर. खाणीतही खुंटा भुशावर उभा करत नाहीत, बूड पक्क्या थरापर्यंत साफ करतात.

धिऱ्याखाली दोन इंच जाड, किमान दीड फूट लांब-रुंद फळी टाका. धिऱ्यासाठी भाड्यानं मिळणारे सेंट्रिंगचे लोखंडी जॅक चांगले, पण ते जितके लांब ओढाल तितकी त्यांची ताकद घटते. लाकडी बल्ली असेल तर सरळ, गाठी नसलेली, चार इंचांहून जाड. बांबू नको. वर हिशेब केलेल्या नऊ टनांतला निम्मा भार एका मधल्या तुळईवर असू शकतो, त्याच्यापुढे बांबू काहीच नाही.

एकच धिरा मधोमध देऊ नका. तुळईच्या लांबीचे तीन भाग करून दोन ठिकाणी द्या. तोंड थोडंच कुजलं असेल तर भिंतीपासून फूट-दीड फुटावर, जिथे चांगलं लाकूड सुरू होतं तिथे, आणखी एक. धिरा आणि तुळई यांच्यामधे लाकडाची उशी ठेवा, म्हणजे भार एका टोकावर येणार नाही. धिरा ओळंब्यात उभा करा. मग समोरासमोरच्या दोन पाचरी आळीपाळीनं ठोका, धिरा हातानं हलेनासा होईपर्यंतच. तिथे थांबा.

पुष्कळ जण इथे चुकतात. तुळई सरळ व्हावी म्हणून जॅक फिरवत राहतात. वर्षानुवर्षं बसलेली तुळई उचलली की वरची किलच सुटते, भिंतीचा माथा फुटतो आणि जो भार भिंतीवर होता तो सगळा तुमच्या जॅकवर येतो. खुंट्याचं काम छत उचलायचं नसतं, आहे तिथे धरून ठेवायचं असतं.

काम दाराकडून आत न्या. पहिला धिरा पक्का झाल्यावरच त्याच्या आडोशाला उभं राहून दुसरा. शेवटी धिरे एकमेकांना आडव्या आणि तिरप्या पट्ट्यांनी बांधा, नाही तर गुराचा धक्का लागूनही एखादा निसटेल. जास्त भाराच्या जागी लाकडी ठोकळे दोन आडवे, दोन उभे असे चौकोनात रचत वर नेतात. खाणीत याला चॉक म्हणतात. जमीन पक्की असेल तर यासारखा भरवशाचा आधार नाही, फक्त लाकूड फार लागतं.

कुणी कुणी विचारतं, खाणीत बोल्ट मारतात तसे माळवदाला मारता येतील का? नाही. रूफ बोल्ट दगडाचे सुटे थर एकत्र शिवून त्यांची एकच जाड पाटी बनवतो. त्यासाठी सिमेंट किंवा रेझिन धरून ठेवणारा दगड लागतो. मातीत बोल्टला धरायला काहीच नाही.

आधारानंतर ओझं कमी करा

हे उन्हाळ्यातच. धिरे दिल्याशिवाय वरची माती उकरायला घेऊ नका, आणि खालच्या खोलीत कुणी नको. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर टेकलेल्या फळ्यांवर बसून एकेक वीत थर साऱ्या खोलीवरून सारखा काढत जा. एका बाजूची सगळी माती काढून दुसरी तशीच ठेवली तर तुळई पिळली जाते. काढलेली माती कडेला ढीग न करता लगेच खाली उतरवा. मूळ किलचेपर्यंत गेल्यावर कुजलेली लाकडं बदला, वीतभर चाळलेली माती दाबा, त्यात जाड प्लास्टिकचा कागद घाला, पन्हाळीकडे उतार द्या. धुमसानं जोरात ठोकू नका, हातानं थापा. जमल्यास खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यांत दोन्हीकडे तिरपे टेकू बसवून घ्या. आडव्या धक्क्याला सांगाडा त्यामुळेच तग धरतो.

धिरे कायमचे नसतात. महिन्यातून एकदा पाचरी तपासा, बुडाशी वाळवी पाहा.

इथे हात लावू नका

भिंतीला पोट आहे किंवा तड्यात बोट जातंय. तुळईचं तोंड आत भुसा झालंय किंवा भिंतीतून सरकलंय. वर दुसरा मजला आहे. शेजाऱ्याची आणि तुमची भिंत एकच आहे, कारण तुमच्याकडची माती काढली की त्याच्याकडचा भार बदलतो. खाली पेव आहे. मोजमाप रोज बदलतंय. एखादा भाग आधीच पडलाय. यांतलं एकही असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, आणि तोवर त्या खोलीला कुलूप लावा. इंजिनिअरची फी माळवद उतरवायच्या मजुरीपेक्षा जास्त वाटेल, तरी द्या. माणसं अडकली असतील तर ११२ ला फोन करा, तलाठ्याला आणि तहसीलला कळवा. पडलेल्या माळवदाखालून स्वतः उकरायला एकदम दहा जण वर चढू नका, त्यांचं वजन अडकलेल्यावर जातं. बाजूनं, हातानं, मिळेल तिथे ठोकळ्यांचा आधार देत माती काढा.

इंजिनिअरला किंवा सुताराला फोन करताना या गोष्टी तयार ठेवा: खोलीची लांबी-रुंदी, मातीचा थर किती, रोजच्या फटीचे आकडे तारखांसह, तुळई भिंतीवर आहे की खांबांवर, आणि तोंडाशी पेचकस किती आत गेला. भिंतीवर लिहिलेल्या त्या आकड्यांचा फोटो पाठवला तरी चालेल.